देवाचा पुरावा आणि देवळाचे दार

देव आहे की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे दोन प्रकारची माणसे तावातावाने भांडत असतात. एक म्हणतो, देव आहे आणि ते सिद्ध करता येते. दुसरा म्हणतो, देव नाही आणि तेही सिद्ध करता येते. एका गोष्टीवर मात्र दोघांचीही एकवाक्यता असते : या प्रश्नाचा निकाल लागला की धर्माचाही निकाल लागेल. देव सिद्ध झाला तर धर्म खरा. देव खोटा ठरला तर धर्म कोसळला. दोघांचे हे समान गृहीतच प्रस्तुत लेखात तपासून पाहायचे आहे.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. एकदा ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे शिकवत होतो. फळ्यावर अनुमाने मांडली, त्यांवरचे आक्षेप मांडले. निफाडकडून एसटीने येणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, समजा यातलं एखादं प्रमाण बरोबर निघालं. देव आहे, हे सिद्ध झालं. मग १९३० साली काळारामाचं दार उघडलं असतं का?" वर्गात कोणी हसले नाही. तास संपत आला होता. "पुढच्या तासाला बोलू," असे म्हणून मी सुटका करून घेतली. त्या पुढच्या तासासाठी जो विचार केला तो येथे मांडतो आहे.

१. प्रमाणांची झडती

प्रथम प्रमाणांकडे वळू. आपल्या परंपरेत ज्ञान मिळवण्याची जी साधने मानली गेली त्यांत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन प्रमुख होत. देव सिद्ध करण्यासाठी या तिन्हींचा उपयोग झाला आहे.

अनुमानाचा सर्वात मोठा पुरस्कर्ता मिथिलेचा नैयायिक उदयनाचार्य. दहाव्या-अकराव्या शतकातील त्याचा 'न्यायकुसुमांजलि' हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच लिहिलेला आहे. त्याच्या अनेक युक्तिवादांपैकी मुख्य युक्तिवाद साधा आहे. डोंगरावर धूर दिसला की आपण अग्नी आहे असे म्हणतो, कारण धूर तेथे अग्नी हे आपण नेहमी पाहिलेले असते. त्याचप्रमाणे मडके दिसले की कुंभार असलाच पाहिजे असे म्हणतो. मडके हे कार्य आहे आणि कार्याला कर्ता असतो. पृथ्वी, अंकुर हीही कार्येच आहेत. तेव्हा त्यांनाही कर्ता असला पाहिजे, आणि तो कर्ता म्हणजे ईश्वर.

या युक्तिवादाला बौद्ध पंडितांनी दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. सातव्या शतकात, म्हणजे उदयनाच्याही आधी, धर्मकीर्तीने विचारले की मडके मातीचे आणि आकार असलेले म्हणून ते कुंभाराने घडवले असे म्हणता, तर मुंग्यांचे वारूळही मातीचे आणि आकार असलेलेच आहे. तेही कुंभाराने घडवले काय? मडके आणि कुंभार यांचा संबंध आपण पाहिलेला असतो. जग आणि जगाचा कर्ता यांचा संबंध कोणी पाहिला आहे? अकराव्या शतकात विक्रमशिला विद्यापीठातील रत्नकीर्तीने ईश्वरसाधनाचे दोष दाखवण्यासाठी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शिवाय, कर्ता आहे असे क्षणभर मानले तरी तो एकच कशावरून? एक वाडा उभा राहतो तेव्हा पाथरवट, सुतार, लोहार, बिगारी असे कितीतरी हात लागतात. तो सर्वज्ञ कशावरून? दयाळू कशावरून? कुंभाराच्या दृष्टांतातून फार तर एक कारागीर निघतो. देव निघत नाही.

एक गोष्ट जाता जाता नोंदवली पाहिजे. देव सिद्ध करायला या पंडितांना कुंभार चालला. पण ज्याच्या दृष्टांतावर ईश्वर उभा केला, त्या कुंभाराला वेद ऐकण्याचा अधिकार मात्र नव्हता.

पाश्चात्त्य देशांतही हाच वाद झाला. अकराव्या शतकात अन्सेल्मने ईश्वराच्या कल्पनेतूनच ईश्वराचे अस्तित्व काढून दाखवले : ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो ईश्वर, आणि नसण्यापेक्षा असणे थोर, म्हणून तो आहे. त्याच्याच काळातील गोनिलो नावाच्या भिक्षूने विचारले की असा युक्तिवाद करून ज्याहून सुंदर बेट कल्पिता येत नाही असे बेटही अस्तित्वात आणता येईल की! तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनसने पाच मार्ग सांगितले. १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्यूमच्या संवादांनी जगाच्या रचनेवरून रचनाकार काढण्याची खटपट खिळखिळी केली. १७८१ मध्ये कांटने दाखवून दिले की शुद्ध बुद्धीने देव सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही. १८५९ मध्ये डार्विनने जीवांच्या रचनेला कारागिराविना कारण दिले. विसाव्या शतकात गोडेल या गणितज्ञाने अन्सेल्मचा युक्तिवाद नव्या तर्कशास्त्रात मांडला आणि २०१३ मध्ये दोन संशोधकांनी तो संगणकाकडून तपासून घेतला. गृहीतांपासून निष्कर्षापर्यंतची वाट बरोबर आहे, असे संगणकाने सांगितले. गृहीते खरी आहेत काय, हे सांगणे संगणकाचे काम नव्हते. तर्क हे जाते आहे. वरून जे घालाल त्याचेच पीठ खाली पडते.

शब्दप्रमाणाची अडचण तर उघड आहे. वेद प्रमाण का, तर ते ईश्वराने सांगितले म्हणून. आणि ईश्वर आहे कशावरून, तर वेद सांगतात म्हणून. हे एकमेकांना जामीन राहणाऱ्या दोन माणसांसारखे झाले. जगात धर्मग्रंथ अनेक आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. कोणता शब्द मानायचा हे ठरवायला शब्दाबाहेरचे माप लागते.

राहिले प्रत्यक्ष. आपल्याला देव भेटला, दिसला, बोलला, असे सांगणारे संत सर्व धर्मांत झाले. त्यांना खोटे ठरवण्याची मला घाई नाही. पण महाराष्ट्रात याचे सर्वात बोलके उदाहरण चोखोबांचे आहे. देव चोखोबांना भेटला, त्यांच्याबरोबर गुरे ओढली, असे वारकरी परंपराच सांगते. म्हणजे अनुभवाचे प्रमाण येथे परंपरेनेच मान्य केलेले आहे. तरी चोखोबा कोठे आहेत? पंढरपूरच्या महाद्वारासमोर, बाहेर. चौदाव्या शतकात मंगळवेढ्याचे कुसू कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी देवळाच्या बाहेरच झाली. देव भेटल्याचा पुरावा मान्य झाला, पण त्या पुराव्याने उंबरठा ओलांडता आला नाही. त्यांच्या जातभाईंना तो ओलांडता यावा म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

२. 'नाही' याचा पुरावा

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. देव नाही हे सिद्ध करता येते काय? येथेही बौद्ध तर्कशास्त्राचाच दंडक लावला पाहिजे. टेबलावर मडके नाही, हे मी न दिसण्यावरून सांगू शकतो, कारण ते असते तर दिसलेच असते. पण जी वस्तू मुळात दिसण्याजोगी नाही असे सांगितले आहे, तिच्या न दिसण्यावरून ती नाही असा निष्कर्ष निघत नाही. म्हणून निर्गुण, निराकार, इंद्रियातीत अशा कशाचे नसणे सिद्ध करता येत नाही. मात्र पुराव्याची जबाबदारी 'आहे' म्हणणाऱ्यावर असते. 'नाही' म्हणणारा पुरावा येईपर्यंत स्वस्थ बसू शकतो.

परंतु देवाच्या नावाने जे ठाम दावे केले जातात ते तपासता येतात. अस्पृश्याने शिवले तर पाणी विटाळते, हा दावा २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर तपासून झाला. देवळात शिरले तर देव कोपतो, हा दावा देवळे खुली झाल्यानंतर गावोगाव तपासून झाला. पाऊस पूर्वीसारखाच पडत राहिला.

हा भेद डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी नीट ओळखला होता. डॉ. श्रीराम लागूंसारखे त्यांचे मित्र देवाला सेवानिवृत्त करा असे उघडपणे म्हणत. दाभोलकर मात्र देव-धर्माबाबत समितीची भूमिका तटस्थतेची आहे आणि तिचा विरोध देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, असे सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यात देव आहे किंवा नाही, याबद्दल काहीही ठरवलेले नाही. माणसाने माणसाला कसे वागवायचे एवढेच त्यात आहे. आणि तेवढ्यासाठीच त्याला इतका विरोध झाला, हे विसरता कामा नये.

३. नास्तिक कोणाला म्हटले?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या देशातील प्रस्थापित धर्म देवाच्या पुराव्यावर कधी उभा होता काय? इतिहास पाहिला तर उत्तर नकारार्थी येते.

सांख्यकारिकेतील सांख्यदर्शनाला ईश्वराची गरज नाही. पूर्वमीमांसेला तर नाहीच नाही. सातव्या शतकातील कुमारिल भट्टाने 'श्लोकवार्तिका'त जगत्कर्त्या ईश्वराचे जे खंडन केले आहे ते आजच्या कोणत्याही बुद्धिवाद्याला शोभेल असे आहे. सृष्टीपूर्वी कोणी साक्षीदारच नव्हता, मग देवाने सृष्टी केली हे कोणी पाहिले? शरीर नसताना त्याने हातपाय कसे हलवले? दयेपोटी निर्माण केली म्हणावे, तर जीवच नव्हते तेव्हा दया कोणाची आली? आणि दया होती तर दुःखाने भरलेले जग का केले?

असे विचारणारा कुमारिल नास्तिक ठरला काय? नाही. तो वैदिक धर्माचा महान संरक्षक ठरला. कारण 'मनुस्मृती'च्या दुसऱ्या अध्यायानुसार वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. देव नाही म्हणा, तुम्ही आस्तिकच; वेदाचा अधिकार नाकारा, म्हणजे मात्र तुम्ही नास्तिक. बुद्धाविरुद्ध कुमारिलाची तक्रारही याच जातीची आहे. क्षत्रियाने उपदेश करण्याचे, म्हणजे ब्राह्मणाचे, काम हाती घेतले, हा त्याच्या मते बुद्धाचा अपराध. मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात शूद्राला यज्ञाचा अधिकार आहे की नाही, ही चर्चा आहे. बादरी नावाच्या आचार्याने अधिकार सर्वांना आहे असे म्हटल्याची नोंद तेथे आहे. त्याचे मत बाजूला सारण्यात आले. म्हणजे देवाशिवाय चालले, पण अधिकारभेदाशिवाय चालले नाही.

दुसऱ्या टोकाला शंकराचार्य आहेत. त्यांनी तर सर्वत्र एकच ब्रह्म आहे, दुसरे काही नाहीच, असे सिद्ध केले. याहून अधिक समतेचा सिद्धांत कोणता? पण ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात शूद्राच्या वेदाधिकाराचा प्रश्न येतो, तेव्हा आपल्या भाष्यात ते स्मृतिवचनांचा आधार देतात, आणि त्यांत वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतण्याचे वचनही आहे. ब्रह्म एक, आणि कानांचे प्रकार मात्र दोन!

तात्पर्य, ईश्वर नाही म्हणणारा मीमांसक आणि सर्वच ब्रह्म म्हणणारा वेदान्ती, यांचे तत्त्वज्ञान एकमेकांच्या विरुद्ध असूनही शूद्र-अतिशूद्रांच्या बाबतीत दोघे एकाच ठिकाणी पोचले. यावरून असे दिसते की येथील धर्माचा पाया देवात नव्हता; तो माणसांच्या क्रमवारीत होता. देव आला काय आणि गेला काय, क्रमवारी जागच्या जागी राहिली.

४. देव निर्दोष, माणूस दोषी

देवाच्या विरुद्ध सर्वात बळकट आक्षेप दुःखाचा आहे. देव दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल तर जगात एवढे दुःख का? युरोपात या प्रश्नाने शतकानुशतके श्रद्धावंतांची झोप उडवली. आपल्याकडे तो फार सोईस्करपणे मिटवण्यात आला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप घेतला आहे की एकाला सुखी आणि एकाला दुःखी करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरेल. उत्तर असे दिले आहे की ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे येत नाही.

हे उत्तर शांतपणे वाचावे. यात देवाची सुटका झाली आहे. पण आरोप नाहीसा झालेला नाही, तो फक्त फिरवला आहे. जो दुःख भोगतो त्याच्याच माथी तो मारला आहे. गावकुसाबाहेर जन्मलास ना? मग मागच्या जन्मी तूच काहीतरी केले असशील. काय केले ते त्याला आठवत नाही, पुरावा कोणी देत नाही, शिक्षा मात्र चालू आहे. देवाला निर्दोष ठरवण्याची किंमत येथे पीडिताने मोजली.

दुःखाचा अर्थ देवाच्या हाती सोपवला की सदिच्छेचा माणूसही कसा फसतो, याचे एक उदाहरण आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे, असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधीजींचा हेतू अस्पृश्यता घालवण्याचा होता, यात शंका नाही. पण त्या भूकंपात अस्पृश्यांच्या झोपड्याही पडल्याच असतील. त्यांना कोणत्या पापाची शिक्षा झाली? आणि भूकंप अस्पृश्यतेमुळे झाला असे म्हणता येत असेल, तर तो देवळे बाटवल्यामुळे झाला असे सनातन्यालाही म्हणता येईल. देवाच्या इच्छेचा असा साक्षीदार कोणाच्याही बाजूने उभा करता येतो.

५. काळारामाचे दार

आता नाशिककडे येऊ. पंचवटीतील काळारामाचे काळ्या पाषाणाचे मंदिर पेशवाईत, अठराव्या शतकाच्या अखेरीस, सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधले. आख्यायिका अशी की रामाची काळी मूर्ती गोदावरीत आहे असे त्यांना स्वप्न पडले, मूर्ती मिळाली आणि मंदिर उभे राहिले. आख्यायिकेची सत्यासत्यता येथे महत्त्वाची नाही. देव येथे आहे, यासाठी एका सरदाराचे स्वप्न पुरेसे मानले गेले, हे महत्त्वाचे आहे.

२ मार्च १९३० रोजी सुमारे पंधरा हजार जागी माणसे त्या मंदिराकडे चालत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे नेते होते. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या नाशिकच्या कार्यकर्त्यांनी संघटन केले होते. मंदिराचे दरवाजे बंद करून घेण्यात आले. मोर्चा गोदावरीच्या घाटाकडे वळला, तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला रामाची रथयात्रा होती. रथ दोघांनी मिळून ओढावा असा समझोता झाला होता. तो पाळला गेला नाही. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. लढा पुढे १९३५ पर्यंत चालला. दार उघडले नाही.

या पाच वर्षांत राम आहे की नाही, हा प्रश्न कोणत्याही बाजूने वादाचा विषय केला नाही. दाराच्या आत असलेले राम मानत होते. बाहेर बसलेल्यांपैकीही पुष्कळजण तेव्हा राम मानत होते. म्हणून तर ते दर्शनाला आले होते. दोन्ही बाजूंना देव मान्य होता आणि तरीही दार बंद होते. देवाच्या अस्तित्वावर संपूर्ण एकमत असताना माणसाच्या माणूसपणावर एकमत होऊ शकले नाही. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथे इतिहासानेच देऊन ठेवले आहे.

बाबासाहेबांनी हे आरंभापासून ओळखले होते. मंदिरप्रवेशाने आपले सर्व प्रश्न सुटणार नाहीत, हिंदू मन आपल्याला माणूस मानायला तयार आहे की नाही याची ही परीक्षा आहे, असे त्यांनी सत्याग्रहींना सांगितले होते. मार्च १९३४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की हा लढा अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून सुरू केला नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी, यासाठी होता. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

शेवटी दारे उघडली ती कशाने? १९५० च्या संविधानातील सतराव्या कलमाने, पंचविसाव्या कलमाने राज्याला दिलेल्या अधिकाराने, १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने आणि १९५६ च्या मुंबई राज्याच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने. यातील एकाही कायद्याला देवाचा पुरावा लागला नाही.

पुराव्यावाचून देवाचे काम कसे चालते, हे न्यायालयातही दिसते. हिंदू कायद्यात मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधील एका घराण्याच्या दाव्यात हे तत्त्व ठामपणे मांडले आणि २०१९ च्या अयोध्येच्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने रामलल्लाला पक्षकार म्हणून मान्यता दिली. देवाच्या नावे जमीन असते, देव दावा लावू शकतो. त्यासाठी देव आहे का, असे न्यायाधीश विचारत नाहीत. माणसांचे व्यवहार लावण्यासाठी कायद्याने केलेली ती सोय आहे. पण याच देशात मूर्तीला व्यक्ती मानायला कोणाला अडचण वाटली नाही आणि जिवंत माणसाला व्यक्ती मानायला मात्र कायदा, सत्याग्रह आणि धर्मांतर लागले, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही.

६. मग धर्माचे माप कोणते?

देवाचा पुरावा हे धर्माचे माप नसेल तर धर्म कशाने मोजायचा? याचे उत्तर आपल्याला बुद्धाकडून आणि बाबासाहेबांकडून मिळते.

तेविज्ज सुत्तात वासेठ्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माशी एकरूप होण्याचा खरा मार्ग कोणता, म्हणून वाद घालत बुद्धाकडे येतात. बुद्ध विचारतो की तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्याही आचार्यांपैकी, कोणी ब्रह्मा पाहिला आहे काय? नाही. मग वाडा कोठे आहे हे ठाऊक नसताना चव्हाट्यावर जिना बांधणाऱ्या माणसासारखे हे झाले. दुसऱ्या एका सुत्तात बुद्धाचा आक्षेप नीतीचा आहे. सर्व काही ईश्वराने निर्मिले म्हणून घडते असे मानले, तर खून करणारा ईश्वरामुळेच खून करतो. मग हे करावे आणि हे करू नये, याला अर्थच उरत नाही आणि प्रयत्नाचे कारणही उरत नाही. बुद्धाचा कल देवाचे नसणे सिद्ध करण्यापेक्षा माणसाची जबाबदारी माणसाकडे परत देण्याकडे आहे.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग नव्हे असे सांगून, धर्मात जे स्थान देवाचे ते धम्मात नीतीचे आहे, असे प्रतिपादन केले. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानाची चिकित्सा करताना त्यांनी लावलेल्या कसोट्या न्याय आणि उपयुक्तता या आहेत. हा धर्म माणसामाणसांत न्याय प्रस्थापित करतो काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

याच दृष्टीने १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचाव्यात. विश्वात कोठेही ईश्वर नाही, असे त्यांत एकदाही म्हटलेले नाही. अमुक देवांना मी देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. अवतारावर माझा विश्वास नाही. ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवून घेणार नाही. सर्व माणसे समान मानीन, अशी त्यांची भाषा आहे. 'असणे' आणि 'मानणे' यांतील फरक येथे निर्णायक आहे. असण्यानसण्याचा वाद पंडितांचा. न मानण्याचा निर्णय मात्र अक्षरशत्रू माणूसही घेऊ शकतो, आणि लाखो माणसांनी तो एका दिवशी घेतला.

येथे महात्मा फुल्यांचेही स्मरण केले पाहिजे. फुले निर्मिक मानत होते. १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त सर्वांचा एक निर्माणकर्ता आहे आणि म्हणूनच स्त्री-पुरुष सर्वांचे हक्क समान आहेत, अशी मांडणी आहे. फुल्यांनी निर्मिक मानला, बाबासाहेबांनी ईश्वर नाकारला. तरी दोघे एकाच समतेला पोचले. कुमारिलाने ईश्वर नाकारला, शंकराचार्यांनी ब्रह्म मानले. तरी दोघे एकाच विषमतेला पोचले. या चार नावांचा हा चौकोन डोळ्यांसमोर ठेवला की देवाचे अस्तित्व आणि धर्माची योग्यता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याबद्दल शंका राहू नये.

७. आपल्यापुरते

याचा आपल्या चळवळीसाठी अर्थ काय? पहिला असा की देव खोडून काढला म्हणजे काम झाले, या भ्रमात राहू नये. व्याख्यानात देवाची टिंगल करून टाळ्या मिळवणारा आणि घरी पोटजात पाहून मुलीचे लग्न ठरवणारा कार्यकर्ता मी पाहिला आहे. त्याने देव सोडला, क्रमवारी ठेवली. तो नकळत कुमारिलाच्याच पंगतीला बसला.

दुसरा अर्थ अधिक अवघड आहे. रिकाम्या देव्हाऱ्यात आपण बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी ठेवल्या. आदर म्हणून ते योग्यच आहे. पण त्यांच्यापुढे नवस बोलला जाऊ लागला, त्यांचे वचन तपासण्याची कोणाला मुभा राहिली नाही, तर ज्या शब्दप्रमाणाविरुद्ध ते आयुष्यभर लढले त्याचाच आपण जीर्णोद्धार केला असे होईल.

माझी आजी १९५६ साली नुकती लग्न होऊन आली होती. दीक्षेनंतर आजोबांनी घरातले टाक फडक्यात बांधले आणि दारणेच्या पात्रात सोडले. पुढे माझ्या वडिलांना लहानपणी ताप भरला तेव्हा शेजारच्या बाया म्हणाल्या, देव सोडले त्याचे हे फळ. आजीने पोराला पाठुंगळी घेतले आणि दवाखान्याची वाट धरली. मी तत्त्वज्ञान शिकू लागलो तेव्हा तिला विचारले होते, "आजी, टाक सोडताना भीती नाही वाटली? देव खरंच असता तर?" ती म्हणाली, "देव व्हता का नव्हता, मला न्हाई ठावं. पर त्याच्या नावानं आमाला भाईर ठिवनारे व्हते, त्ये म्या या डोळ्यांनी पाह्यले."

पुढच्या तासाला मी वर्गात त्या विद्यार्थिनीला उत्तर दिले : नाही, दार उघडले नसते. मग फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. देव आहे काय? आणि, देव असला तरी तुम्हाला आत आणि मला बाहेर ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? पहिल्या प्रश्नावर हजारो वर्षे ग्रंथ लिहिले गेले आहेत आणि पुढेही लिहिले जातील. दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा आजवर कोणत्याही धर्माने दिलेला नाही. तो देण्याची जबाबदारी अधिकार सांगणाऱ्यावर आहे, आणि तो मागण्याचे काम आपले आहे.